बोल्ट लोखंडाचा होता

इतकी वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलीत, गमती खूप असतील, त्या लिहा, असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. गमती आहेत. पण लिहायला बसले तेव्हा त्यातली एकही नीट आठवेना, आणि जे आठवत होतं त्यानं डोकं तापत होतं. दोन-तीनदा कागद बाजूला ठेवला, चहा घेतला, परत बसले, तरी तेच. म्हणून शेवटी तेच लिहिते आहे. वाचताना कुणाला चकली कडू लागली तर माझा नाइलाज आहे.

सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या बोळात माझं स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचं वडिलांचं रेडिओचं. ते थकले तसं माझ्याकडे आलं, आणि गेल्या पाडव्याला माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून बंद झालं. या सगळ्या काळात सोलापूर बदललं, गाणी बदलली, पण नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बदलला नाही. 'मालक कुठं गेलेत?' सुरुवातीला मी रागानं सांगायचे की मीच मालक. पुढे कंटाळले. 'जेवायला गेलेत, येतील' म्हणायचे आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा अ‍ॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त करून द्यायचे. मशीन काखेत मारून निघताना माणूस सांगून जायचा, मालक आले की त्यांना आमचा नमस्कार सांगा.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरच आहे. स्पीकरच्या खोक्यात निदान दोन स्पीकर असतात. मोठा जाड आवाज काढतो, ढोलाचा, घुमण्याचा. छोटा, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो बारीक आवाज काढतो, झांजेचा, बोलण्यातल्या 'स' आणि 'त' चा. दोघांना आपापला वाटा मिळावा म्हणून आत एक पाटी बसवतात, तिला क्रॉसओव्हर म्हणतात. त्या पाटीवरची महत्त्वाची वस्तू म्हणजे कॉइल. तांब्याच्या तारेची गुंडाळी, बाकी काही नाही. मोठ्या स्पीकरच्या वाटेत ती बसली की जाड आवाज सोडते आणि बारीक अडवते. ट्वीटरच्या बाजूलाही एक असते, ती जाड आवाज त्याच्यापर्यंत पोचू देत नाही. किती अडवायचं, हे तिच्या मापावर ठरतं. माप चुकलं की बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी उशी दाबल्यासारखं वाटतं, नाहीतर कानात सुई गेल्यासारखं.

पूर्वी आम्ही वेढे मोजायचो आणि देवावर हवाला ठेवायचो. पुढे मी लॅपटॉपवर मापायला शिकले. त्याचं एक सॉफ्टवेअर येतं. लॅपटॉप हेडफोनच्या भोकातून एक सूर सोडतो, अगदी खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत. तो सूर आधी एका माहीत असलेल्या रेझिस्टरमधून जातो आणि मग कॉइलमध्ये. रेझिस्टरच्या अलीकडे किती होता आणि पलीकडे किती उरला, हे लॅपटॉप परत ऐकतो आणि कॉइलनं कोणत्या सुराला किती अडवलं त्याची रेघ पडद्यावर काढतो. चांगल्या कॉइलची रेघ डावीकडे सपाट निघते आणि मग सरळ चढत जाते. त्या चढावरून कॉइलचं माप निघतं.

यात एक पथ्य आहे. कॉइलच्या जवळ धातू नको. लोखंड जवळ आलं की माप फुगतं. लोखंडी टेबलावर कॉइल ठेवून मापलं तर तुम्ही कॉइल आणि टेबल दोन्ही मापता. म्हणून मी घरातला जुना पोळपाट दुकानात नेला होता. त्यावर कॉइल ठेवायची, हातातल्या बांगड्या काढून डब्यात टाकायच्या आणि मग सूर सोडायचा. लोक हसायचे. पोळपाटावर काय लाटता मॅडम, असं विचारायचे. मी म्हणायचे, तुमच्या आवाजाचं नशीब.

हसण्यावारी नेण्यासारखे लोकही बरेच आले. एक डीजेवाला होता, त्यानं सगळ्या क्रॉसओव्हरच्या पाट्याच उपटून त्या जागी साधी वायर जोडली होती, कारण कुणीतरी त्याला सांगितलं की त्यातली कॉइल आवाज खाते. मिरवणूक पहिल्या चौकात पोचायच्या आत त्याचे सगळे ट्वीटर जळाले. जळके ट्वीटर माझ्या काउंटरवर ओतून तो मलाच म्हणाला की तुम्ही डुप्लिकेट माल दिला. मी त्याला म्हटलं, तुझ्या घरची गाळणी फेकून दे आणि चहा पी, मग माझ्याकडे ये. तो आला नाही, पण पुढच्या वर्षी त्याच्या भिंतीएवढ्या स्पीकरांनी आमच्या बोळातल्या तीन काचा फोडल्या.

आणि अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा रंग चढवून विकणारे होते. वरून बघितलं तर लखलखीत तांबं, ब्लेडनं खरवडलं की आतून पांढरं. अशी कॉइल तापते, आवाज बसतो आणि गिऱ्हाईक दुरुस्ती करणाऱ्याला शिव्या घालतं. या लोकांवर मी आयुष्यभर चिडले. पण आज सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल नाही, कारण ते निदान माझ्या तोंडावर स्वतःला माझे म्हणवत नव्हते.

सांगायचं आहे ते नरसम्माबद्दल आणि प्रकाशशेठबद्दल. मी नावं बदललेली नाहीत.

नरसम्मा सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या वस्तीतली. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. सासरचे माग होते तोवर ती कांड्या भरायची, म्हणजे विणायला लागणारं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची. माग विकले गेले आणि हात रिकामे झाले. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ती माझ्याकडे कामाला विचारायला आली. मला पाहिजे होतं तारेचं काम करणारं कुणीतरी. मी तिच्यापुढे तांब्याची तार आणि एक नमुन्याची कॉइल ठेवली. तिनं दोन दिवसांनी तिच्या कांडीच्या जुन्या चरख्याला लाकडी ठोकळा बसवून तशीच कॉइल करून आणली. मी पोळपाटावर ठेवून मापली. रेघ नमुन्याच्या रेघेवर जाऊन बसली. पुढची आणली, तीही तशीच. सुताला किती ताण द्यायचा हे त्या बोटांना ठाऊक होतं, तार काही वेगळी पडली नाही. तिची एक खूण होती. वेढे सुटू नयेत म्हणून बाकीचे लोक टेप लावतात, ती घरात उरलेल्या लाल-हिरव्या सुतानं चार ठिकाणी गाठ मारायची.

हळूहळू स्पीकरची खोकी बनवणारे गावातले सगळे खोकीवाले तिच्याकडून कॉइल घ्यायला लागले. मग मी तिच्या कॉइली मापायचंही सोडून दिलं. गरजच नव्हती.

प्रकाशशेठ त्या खोकीवाल्यांतला सगळ्यात मोठा. अक्कलकोट रोडला त्याची शेड आहे. प्लायची खोकी, वर काळं कापड, समोर जाळी. मला मोठी बहीण म्हणायचा. दर भाऊबीजेला पेढे आणायचा. लॅपटॉपवर मापायचं सॉफ्टवेअर त्याला मीच घालून दिलं, वायरी मीच जोडून दिल्या, पोळपाटाचंही सांगितलं. त्यानं ते सगळं ऐकलं, मान डोलावली आणि त्यातलं पोळपाटाचं तेवढं विसरला.

अक्कलकोटच्या पुढे, कानडी मुलखाच्या हद्दीवर, मैंदर्गीत एक नवं मंगल कार्यालय झालं. मालक शिवलिंगप्पा, शेती आणि आडत बघणारा माणूस. त्यानं सगळी स्पीकरची खोकी प्रकाशशेठकडून घेतली. उद्घाटनाला आसपासच्या गावांतले लोक आले, पाहुणे बोलायला उभे राहिले आणि कुणाला एक शब्द कळेना. आवाज मोठा, पण नुसता घुमतोय. मध्येच ट्वीटर करकरले आणि दोन जळून बंद पडले. शिवलिंगप्पानं भर मांडवात प्रकाशशेठला विचारलं की हे काय आणून बसवलंस. प्रकाशशेठनं क्षणभरही विचार केला नाही. तो म्हणाला, कॉइल करणाऱ्या बाईनं वेढे जास्त टाकले, तिनं मला फसवलं.

त्या मांडवात सोलापूरचे दोन खोकीवाले जेवायला आलेले होते. आठवडा उलटायच्या आत नरसम्माची सगळी कामं थांबली. कुणी येऊन भांडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. 'सध्या नको' एवढाच निरोप सगळीकडून आला.

ती माझ्याकडे आली तेव्हा दुपारचं ऊन मी म्हणत होतं. मैंदर्गीच्या खोक्यांसाठी केलेल्यातल्या काही कॉइली तिच्याकडे उरल्या होत्या, त्या पिशवीतून काढून तिनं काउंटरवर मांडल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"अक्का, मापून बघा. माझं चुकलं असंल तर तसं सांगा, मी हे काम परत हातात धरनार न्हाई. पण मापून सांगा."

मी बांगड्या काढल्या, पोळपाट घेतला आणि एकेक कॉइल मापली. सगळ्यांची रेघ एकमेकींवर, आणि माप पाहिजे तेवढंच. तिच्या डोळ्यांसमोर मी प्रकाशशेठला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की ताई, मीही मापलंय, तुमच्याच सॉफ्टवेअरवर, माप जवळजवळ दीडपट येतंय, आणि त्यानं पडद्याचा फोटो पाठवला.

फोटो खरा होता. माप खरंच दीडपट होतं. पण मी ती रेघ बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ती वर जाताना वाकली होती. नुसत्या तारेची कॉइल, आत हवा, तिची रेघ इतकी वाकत नाही. जिथं रेघ अशी वाकते तिथं आत लोखंड असतं. मी नरसम्माला म्हटलं, चल, रिक्षा करू.

शेडमध्ये तीन-चार सुतार काम करत होते. प्रकाशशेठ खुर्चीतून उठला, या या म्हणाला. मी मैंदर्गीहून काढून आणलेली क्रॉसओव्हरची पाटी मागितली. त्यानं आणली, आणि मला जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. जागा वाचावी म्हणून त्यानं मोठ्या स्पीकरची कॉइल आणि ट्वीटरची कॉइल एकावर एक ठेवून, भाकरीच्या चवडीसारख्या, दोन्हींच्या मधून एकच लांब लोखंडी बोल्ट आरपार घातला होता. वर-खाली मोठे वॉशर. बोल्टनं दोन्हींची मापं फुगवली होती. वर त्याच लोखंडातून एका कॉइलचा आवाज दुसरीत शिरत होता, म्हणून ट्वीटरवर नको तो भार येऊन ते जळले. कॉइली अशा बसवायच्या नाहीत, हे या धंद्यात पहिल्या महिन्यात कळायला हवं. आणि मापतानाही या माणसानं बोल्ट काढलेला नव्हता. पाटीवर आहे तशा स्थितीत, नुसत्या वायरी सोडवून, त्यानं बोल्टसकट माप घेतलं होतं आणि ते नरसम्माच्या नावावर मांडलं होतं.

मी लॅपटॉप लावला. सुतारांना म्हटलं, इकडे या, बघा. बोल्टसकट मापलं, दीडपट आलं. मग पान्यानं बोल्ट काढला, कॉइली वेगवेगळ्या करून लाकडी फळीवर लांब लांब ठेवल्या आणि परत सूर सोडला. रेघ खाली उतरली आणि सरळ झाली. माप तेच, जे नरसम्माच्या पिशवीतल्या कॉइलींचं होतं. एका सुतारानं बोल्ट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि गुपचूप खाली ठेवला.

प्रकाशशेठचा चेहरा उतरला, हे मी कबूल करते. त्याला समजलं होतं. चूक कुणाचीही होते, माझा त्यावर राग नाही. राग यापुढचा आहे. त्यानं खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि म्हणाला, "बरं ताई, कळलं. मी करून घेतो. चहा सांगू का?"

मी म्हटलं, चहा नको, मैंदर्गीला फोन लाव. ही इथं उभी आहे, हिच्यासमोर सांग की कॉइल बरोबर होती आणि बोल्ट तुझा होता.

"सांगतो की निवांत. धंद्यात असं तडकाफडकी चालत न्हाई, ताई."

नरसम्मा दाराजवळ उभी होती. माझ्यात तेव्हा एक भाबडेपणा होता. मला वाटलं, माप निघालं म्हणजे काम झालं. रेघ सगळ्यांनी बघितली, आता कोण नाही म्हणेल? रिक्षात बसल्यावर मी तिला म्हणालेसुद्धा की आता बघ, महिन्याभरात सगळे परत येतील.

कुणी आलं नाही. मी वाट बघितली आणि मग एक दिवस एसटी पकडून मैंदर्गीला गेले. शिवलिंगप्पानं मोठ्या अगत्यानं कार्यालय दाखवलं, माइक चालू करून दाखवला. आवाज स्वच्छ होता. शेवटच्या रांगेतही शब्द न् शब्द पोचत होता. तो खूश होऊन म्हणाला की प्रकाशशेठनं त्या बाईच्या कॉइली काढून टाकल्या आणि पुण्याहून मागवून नव्या बसवल्या, तेव्हा कुठं हे झालं.

पर्समध्ये पेचकस ठेवायची माझी सवय आहे. मी एक खोकं मागून उघडायला परवानगी मागितली. त्यानं दिली. आत कॉइली वेगवेगळ्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या, एक उभी आणि एक आडवी, अगदी जशा बसवायला हव्यात तशा. आणि प्रत्येकीवर चार ठिकाणी लाल-हिरव्या सुताची गाठ.

मी शिवलिंगप्पाला सगळं सांगितलं. बोल्ट, माप, सूत, सगळं. तो वाकून बघत होता, गाठीला त्यानं बोटही लावलं. माणूस वाईट नव्हता. त्याला पटलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बिडरी अक्का, सोडा आता. आवाज चांगला झालाय की. हे मी चार लोकांत सांगत बसलो तर लोक म्हनतील, शिवलिंगप्पाला कुनीबी फसवतंय."

परत येताना एसटीत मी तेच मनात पुन्हा पुन्हा मांडत होते. एका माणसाला स्वतःची चूक लपवायची होती आणि दुसऱ्याला स्वतःचा भोळेपणा. दोघांच्या सोयीच्या मध्ये एक बाई आली आणि दोघांनी मिळून तिला तिथंच ठेवलं. तिच्याच कॉइलींवर त्या कार्यालयात लग्नं लागत होती, मंगलाष्टका शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होत्या, आणि गावभर ती फसवणारी बाई म्हणून ओळखली जात होती. मी सोलापुरातल्या इतर खोकीवाल्यांकडेही गेले. एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला की ताई, तुमचं खरंच असेल, पण प्रकाशशेठशी वाकडं कोण घेणार. दुसऱ्यानं एवढंही म्हटलं नाही, फोन वाजल्यासारखं करून आत गेला.

नरसम्मा विड्या वळायला लागली. पूर्व भागात ते काम घरोघरी आहे, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मी जायचे अधूनमधून. चरखा कोपऱ्यात पोत्याखाली होता.

यंदा उन्हाळ्यात, दुकान बंद केल्यावर, प्रकाशशेठ माझ्या घरी आला. हातात पेढे आणि एक खोकं. खोक्यात बाहेरगावहून मागवलेल्या कॉइली. म्हणाला, ताई, प्रत्येकीचं माप वेगळं येतंय, जरा बघा. मी बघितलं. खरंच प्रत्येकीचं वेगळं होतं, आणि ब्लेडनं खरवडल्यावर दोन आतून पांढऱ्या निघाल्या. त्यानं त्या परत खोक्यात भरल्या. मग इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाला की नरसम्मा अजून करते का कॉइल, तिला म्हणावं, माझ्याकडे भरपूर काम आहे, झालं गेलं विसरून जा म्हणावं.

झालं गेलं. कुणी केलं, कुणाचं गेलं, हे वाक्यातून बरोबर वगळायला त्याला जमलं होतं. मी त्याला म्हटलं, पेढे उचल आणि आधी मैंदर्गीला जा. तो हसला, तुमचा स्वभाव काही बदलणार नाही म्हणाला आणि गेला. पेढे ठेवूनच गेला. ते मी कामवालीला दिले.

तरीही मी नरसम्माकडे निरोप घेऊन गेले. हात तिचे आहेत, निर्णय तिचा, माझ्या रागापायी तिचं काम अडायला नको असं वाटलं. ती सुपात पानं कापत बसली होती. मी सगळं सांगितलं, तो काय म्हणाला तेही. तिनं कात्री थांबवली नाही.

"त्यानं लोकांत सांगितलं का अक्का, बोल्ट त्याचा होता म्हनून?"

मी नाही म्हटलं.

"मग न्हाई," ती म्हणाली आणि तिनं मला बसायला सतरंजी सरकवली.

मी या अंकाच्या संपादकांना विचारून घेतलं आहे. प्रकाशशेठ दरवर्षी यात पानभर जाहिरात देतो आणि आपल्या शेडमध्ये अंकाचा गठ्ठा ठेवतो, गिऱ्हाइकांना वाटायला. ते म्हणाले, जाहिरात गेली तर गेली. म्हणून इथं चार लोकांत लिहिते आहे. नरसम्माची कॉइल बरोबर होती. एकेक बरोबर होती. बोल्ट लोखंडाचा होता, आणि तो प्रकाशशेठनं घातला होता.

अंक हातात आला की मी पूर्व भागात जाईन. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, तिची शाळा तेलुगू. मीच वाचून दाखवीन, पहिल्यापासून. ती पानं कापत सगळं ऐकून घेईल, आणि मला माहीत आहे, वाचून संपल्यावर विचारेल, "हे तुमी लिवलं अक्का. त्यानं काय म्हटलं?"